पणजोबांचा धंदा : दारूचा ठेका

पूर्वज शोधायला निघालेला मराठी माणूस शेवटी तीनपैकी एका ठिकाणी पोचतो. गडावर, राजपुतान्यात, नाहीतर काशीला. म्हणजे मूळ पुरुष महाराजांच्या सैन्यात तरी होता, चितोडहून तरी आला होता, किंवा मोठा वेदशास्त्रसंपन्न तरी होता. कोणाचा खापरपणजोबा तेलाचा घाणा चालवत होता, चपला शिवत होता किंवा सावकाराच्या वह्या लिहीत होता असं कधी ऐकलंय? मग ही कामं महाराष्ट्रात करत कोण होतं हो? असो.

आजचा विषय जरा घरचा आहे. मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या मुक्काम पुणे, पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो. आमच्या घराण्यात सध्या वंशावळीची साथ आली आहे. एका चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, त्यावर एक एक्सेल शीट फिरायला लागलं, आणि दिवाळीपर्यंत छापील पुस्तक काढायचं असं ठरलंसुद्धा. शीटमध्ये नाव, जन्म, गाव, व्यवसाय असे कॉलम आहेत. पणजोबांच्या ओळीत व्यवसायाखाली लिहिलंय 'व्यापार'. कसला व्यापार, ते नाही.

पणजोबा दारूचे ठेकेदार होते. चोरून वगैरे नव्हे. लिलावात बोली लावून, सरकारात पैसे भरून, रीतसर परवाना घेऊन. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे आणि प्रत्येकजण दुसऱ्याला माहीत नाही असं धरून चालतो. माझं म्हणणं असं आहे की त्या एका चौकटीत 'दारूचा ठेका' हेच लिहिलं पाहिजे. त्याची कारणं सांगतो, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण आमच्या घराण्याबद्दलचं नाहीच.

आधी थोडं इंग्लंड. तिकडे घराण्याचा इतिहास खणणाऱ्या हौशी लोकांची एक लाडकी वाट आहे, ती म्हणजे पब. १५५२ साली तिकडे कायदा झाला की एलहाऊस चालवायचं तर दोन न्यायाधीशांकडून परवाना घ्यायचा आणि गुत्त्यात गडबड होऊ देणार नाही असा जामीन द्यायचा. १७५३ पासून या परवानेवाल्यांच्या याद्या ठेवणं सक्तीचं झालं. त्यातल्या कित्येक याद्या आजही तिथल्या परगण्यांच्या अभिलेखागारांत आहेत. साधा शेतमजूर कागदावर जन्मताना, लग्नात आणि मेल्यावर असा तीनदाच दिसतो. पबवाला मात्र दरवर्षी दिसतो, कारण दरवर्षी परवाना. शिवाय इमारत तिथेच, पाटीही बहुतेक तीच, फक्त दारावरचं मालकाचं नाव बदलत जातं. त्यामुळे एखाद्याचा पणजोबा पब चालवत असला तर तो पठ्ठ्या लॉटरी लागल्यासारखा खूश होतो. त्या पबात जातो, बिअर पितो आणि भिंतीबरोबर फोटो काढून घेतो.

डेटाबेसवाल्याला यातली गंमत लगेच कळते. माणसाचं नाव ही फार वाईट प्रायमरी की आहे. एकाच नावाचे दहा माणसं निघतात, आडनावं बदलतात, स्पेलिंग तर विचारूच नका. जागा मात्र जागेवर असते. जागेवरून माणूस शोधा, सापडतो. आणि ज्या जागेकडून सरकारला पैसा येतो, तिचा हिशोब सरकार कधी विसरत नाही!

आता आपल्याकडे या. चांदा जिल्ह्यात (तेव्हा चंद्रपूर-गडचिरोली एकच होतं, गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला) पब नव्हते, पण भट्ट्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपाटप पडतात. बायापोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात, अंगणात वाळवतात, आणि ती फुलं भिजवून, आंबवून, चुलीवर गाळली की दारू. गोंडांच्या आणि माडियांच्या घरी देवाला, जन्माला, लग्नाला, मौतीला ती लागतेच. भामरागडकडे मोहाच्या जोडीला गोरग्याचं झाड. यात ठेकेदार नावाचा प्राणी मुळात कुठेच नव्हता.

तो आणला अबकारीने. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि दारूवरचा कर हे सरकारचं मोठं उत्पन्न ठरलं. घरी गाळणं गुन्हा झाला. एखाद्या टापूत दारू गाळायचा आणि विकायचा हक्क लिलावात विकला जायचा. जिथे गाळायची तिथेच विकायची, म्हणून त्या जागेचं नाव भट्टी. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मध्य प्रांतात हळूहळू मोठ्या डिस्टिलरीतून दारूचा पुरवठा आणि गावात फक्त विक्री अशी पद्धत आली. पण गंमत बघा, आजही विदर्भात देशी दारूच्या परवानाधारक दुकानाला लोक भट्टीच म्हणतात. तिथे काही गाळत नाहीत, सीलबंद बाटल्या विकतात, तरी भट्टी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची सरकारी पद्धत एका शब्दात तशीच राहून गेली.

लिलावात बोली लावणारे बरेचदा कलार. संस्कृतातला कल्यपाल तो कलाल-कलार, असं रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात सापडतं. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचं हे चार खंडांचं पुस्तक. त्यातली बरीच मतं आज वाचवत नाहीत, पण कोण काय काम करत होतं ते बघायला उपयोगी आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. सगळे कलार दारूच्या धंद्यात नव्हते, कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि दुकानदारी करत आली. आणि सगळे ठेकेदार कलार नव्हते, मध्य प्रांतात पारशी ठेकेदारही होते. त्यामुळे आडनाव ऐकून कोणाच्या आजोबांना दारूवाला म्हणू नका, फटके पडतील :-) कागद बघा.

कागद कुठे असतात? तर इमारतींच्या भोवती. ही माझी आवडती थिअरी आहे, जरा सविस्तर सांगतो.

आमच्या भागातल्या जुन्या गावात गेलात तर चार जागा शोधायच्या. पहिली मालगुजाराचा वाडा. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी इथे गावागावांचे मालगुजार मालक म्हणून कायम केले. चांद्याच्या या बंदोबस्ताचा मेजर लुसी स्मिथचा १८६९ चा अहवाल प्रसिद्ध आहे. १९५१ साली मालगुजारी गेली, पण वाडे राहिले. सागवानी खांब, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. आता अर्ध्या वाड्यात कोणी भाडेकरू, अर्ध्यात वटवाघळं. पण गावाचा महसूल ज्या ओसरीवर गोळा व्हायचा ती ओसरी हीच. त्यामुळे वाडा कोणाचा होता ते कळलं की जुने दस्तऐवज कोणाच्या नावावर शोधायचे तेही कळतं.

दुसरी जागा तलाव. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या बाजूला धानाचं सगळं राजकारण तलावावर चालतं. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' झाले. त्याचा शॉर्टफॉर्म 'मामा तलाव'! बाहेरगावच्या माणसाला वाटतं कोणाच्या तरी मामाने बांधला असेल. बांधला कोणी हे मात्र गावातला म्हातारा अजून सांगतो, आणि कोणाच्या बांधीला पाणी आधी मिळायचं तेही. पाण्याच्या क्रमात घराण्यांचा क्रम असतो.

तिसरी जागा रीठ. सातबाऱ्यावर किंवा गावांच्या यादीत 'रीठ' दिसलं की समजायचं, इथे कधीतरी गाव होतं आणि उठलं. पटकी, दुष्काळ, देवी, वाघ, कारण काहीही असेल. तिथे आता फक्त चिंचेची झाडं, विहिरीचा खड्डा आणि शेंदूर फासलेला दगड. पण कित्येक घरांची कुळकथा 'आपण आधी त्या रिठावर राहायचो' अशीच सुरू होते. गाव मेलं तरी कुळकथेतला पत्ता जिवंत.

आणि चौथी भट्टी. ही सगळ्यात आधी नाहीशी होते. बहुधा नाल्याच्या अंगाला, कारण गाळायला पाणी लागतं, आणि वस्तीच्या जरा कडेला. आमच्या पणजोबांचं घर मूल तालुक्यात आहे. पुढची ओसरी रस्त्याला लागून, तिला बाकीच्या घरांपेक्षा रुंद दार, आत एक काळी पडलेली खोली, आणि मागच्या वाडीत अजूनही फावडं मारलं की जळकी माती आणि मडक्यांची खापरं निघतात. लहानपणी आम्हाला सांगायचे की इथे आजी गूळ करायची. त्या गावात ऊस मी कधी पाहिला नाही.

आता चंद्रपूर शहर बघा. गोंड राजांचा परकोट आहे, जटपुरा, अचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा असे दरवाजे आहेत, खिडक्या आहेत, राणी हिराईने बांधलेली वीरशहाची समाधी आहे. २०१७ पासून इको-प्रोच्या पोरांनी त्या परकोटावरची झाडंझुडपं काढून कचरा उपसला, फार मोठं काम. राजाच्या भिंतीला निदान वाली आहे. पुरातत्त्व खातं आहे, हेरिटेज वॉक आहेत. पण ज्या ओसरीवर संध्याकाळी अख्खा टापू जमायचा, उधारी लिहिली जायची, सोयरिकी ठरायच्या आणि भांडणंही व्हायची, त्या ओसरीला कोण विचारतो? आपल्यातल्या नव्याण्णव टक्के लोकांचे पूर्वज राजाच्या समाधीत नव्हते, त्या ओसरीवर होते. काही गल्ल्याच्या अलीकडे, काही पलीकडे.

तर हे सगळं मी आमच्या ग्रुपवर उत्साहाने टाकलं. दोन अंगठे आले, एक 'नाइस इन्फो' आला आणि मग मोठ्या बाबांचा फोन आला. (मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पुण्यातले लोक विचारतात म्हणून सांगितलं.)

"दारूचं लिहून का भेटते बापा तुले? घरातल्या पोरीच्या सोयरिकी व्हाच्या आहेत अजून."

मी म्हटलं, "मोठे बाबा, परवाना होता ना त्यांच्याकडे."

"होता तं होता. गावात दारूनं किती घरं बुडाली ते मी पाह्यलं आहे, तू नाही. ते पुस्तकात छापून मिरवाचं आहे का आपल्याले?"

आता यावर पटकन उत्तर देता येत नाही, कारण ते खोटं बोलत नाहीत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून लादलेली नव्हती, गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर ती मागून घेतली. चंद्रपुरात बायांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारचा वर्धा तर १९७५ पासून बंदीतच. बंदी बरोबर की चूक, चोरटी दारू वाढली की नाही, यावर चहाच्या टपरीवर रात्र जागवता येईल, आज तो मुद्दा नाही. मुद्दा असा की या जिल्ह्यांत दारू हा शब्द नुसता धंद्याचा राहिलेला नाही, त्याला बायांच्या पाठीवरचे वळ चिकटलेले आहेत. मोठे बाबा लाजतात त्याला कारण आहे.

पण लाज वाटते म्हणून कागद बदलायचा, हे मला पटत नाही. आणि इथे आमच्या घरचा एक विनोद सांगायलाच हवा. माझ्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी जात पडताळणी करायची होती. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तेव्हा हेच मोठे बाबा बाबांना घेऊन तहसिलीत हेलपाटे घालत होते. शेवटी कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. कोतवाल बुक म्हणजे गावच्या कोतवालाने लिहिलेली जन्ममृत्यूची नोंदवही, आमच्याकडच्या लोकांचा खरा कुलवृत्तांत तोच. त्यात आजोबांच्या जन्माची नोंद, बापाचं नाव, आणि जातीच्या रकान्यात 'कलार'. त्या दिवशी घरात पेढे वाटले होते. म्हणजे जो शब्द सापडला म्हणून पेढे, त्या शब्दाचा अर्थ विचारला की 'व्यापार'. शिक्षणासाठी पूर्वज हवेत, सोयरिकीसाठी नकोत. चालायचंच.

आता खरं कारण. हे नुसतं अभिमान आणि लाज यांचं भांडण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

दारूच्या दुकानाला एक दुसरी बाजू होती, ती म्हणजे उधारी. रोख पैसा गावात कमी, त्यामुळे दारू उधार, मग धान्याची अढी उधार, मग बैल उधार, आणि शेवटी शेत गहाण. ठेकेदार आणि सावकार बरेचदा एकच माणूस असायचा. आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात जाताहेत हे इंग्रज सरकारलाही इतकं दिसलं की मध्य प्रांतात १९१६ मध्ये जमीन हस्तांतरणावर बंधन घालणारा कायदा करावा लागला. पुढे ग्रिगसन नावाच्या अधिकाऱ्याने प्रांतभर फिरून आदिवासींच्या प्रश्नावर अहवाल लिहिला, तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कर्ज, जमीन आणि अबकारी यांचा विचार एकत्रच येतो. आमचे पणजोबा यातून वेगळे होते असं मानायला मला काही आधार नाही. उलट गावच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या आहेत, काही पानं मोडीत, काही बाळबोधीत. पानापानावर 'अमुक वल्द अमुक, कौम गोंड, मौजा अमुक', पुढे रक्कम, खाली अंगठा. वह्यांखाली दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यांच्या नकला आहेत. कोणावर किती रुपयांचा दावा, कोणतं शेत, चतुःसीमा काय.

ही पेटी बघून पोटात कालवलं, हे खरं. पण त्याबरोबरच दुसरी एक गोष्ट डोक्यात आली.

२००६ चा वनहक्क कायदा आहे. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहून जमीन कसणाऱ्यांना त्या जमिनीचा हक्क मिळावा म्हणून केलेला. गावाच्या सामूहिक हक्काचा रस्ता तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानेच देशाला दाखवला, २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. वैयक्तिक दाव्यात मात्र पुरावा मागतात. आदिवासी असेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचा. आणि जे आदिवासी नाहीत पण तिथेच राहत आले आहेत त्यांनी त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे वास्तव्य असल्याचं दाखवायचं. वजाबाकी करा, १९३० च्या आधीपासून. ज्याच्या आज्याला शाळा माहीत नव्हती, त्याने १९३० चा कागद आणायचा कुठून?

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये, पुराव्यांची जी यादी दिली आहे ती वाचून मी चाटच पडलो. गॅझेटियर आणि बंदोबस्ताचे अहवाल आहेतच. पण शिवाय घरं, झोपड्या, बांध. विहिरी, दफनभूमी, देवस्थानं यांसारख्या जुनेपणा सिद्ध करणाऱ्या पारंपरिक वास्तू. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. आणि कोर्टाचे हुकूम, निवाडे.

म्हणजे इमारतींवरून घराण्याचा शोध घेणं हा पुण्यामुंबईत वीकेंडला करायचा छंद असेल, आमच्याकडे तो सातबारा आहे. रिठावरची विहीर, तिच्याजवळच्या समाध्या, म्हाताऱ्याची आठवण, हे सगळं जोडून ज्याला पणज्यापर्यंत पोचता आलं त्याच्या जमिनीचं काम होतं, नाही पोचता आलं तर फाईल परत.

आणि आमच्या पेटीतले ते हुकूमनामे? ज्या माणसाची जमीन कर्जात धरली त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, शेताची चतुःसीमा आणि तारीख त्यावर आहे. तेव्हा तो कागद त्याच्या विरुद्ध गेला. आज त्याच्या पणतूला आपलं कुळ याच मौजात होतं हे दाखवायला कदाचित तोच एक कागद असेल. आमच्या घराण्याकडे आहे. लोखंडी पेटीत. आणि आमचं घराणं म्हणतंय की पणजोबांचा व्यापार होता.

आता कळलं का मी 'व्यापार' या शब्दावर एवढा का अडून बसलोय? धंद्याचं नाव लपवलं की पेटी लपवावी लागते. पेटी लपवली की रद्दी होते. त्यात गावचं घर विकायचं चाललंय. गिऱ्हाईक आलंय, त्याला घर पाडून सिमेंटचं बांधायचं आहे, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. घर वाचवा असं मी म्हणत नाही, गळक्या कवेलूखाली राहणाऱ्याला हेरिटेज शिकवू नये. पण पाडायच्या आधी फोटो, मोजमाप आणि पेटी, एवढं तर व्हायला हवं.

दोनतीन आक्षेप आले, तेही बघू. एक वहिनी म्हणाल्या, "जातीवर शिक्का बसतो हो, आधीच लोक कलार म्हटलं की हसतात." खरं आहे. पण शिक्का लपवाछपवीने पुसला जात नाही. ठेका ही सरकारने तयार केलेली गोष्ट होती, लिलाव सरकार करायचं, फायद्याचा मोठा वाटा सरकारच्या तिजोरीत जायचा, हे सगळं लिहिलं तर निदान हसणाऱ्याला पूर्ण गोष्ट तरी कळेल. दुसरा आक्षेप चुलतभावाचा, की लोकांच्या कर्जाच्या वह्या बाहेर काढणं बरं दिसतं का? हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून त्या इंटरनेटवर वगैरे टाकायच्या नाहीत. स्कॅन करायचं, मोडीची पानं जाणकाराकडून वाचून घ्यायची, गावांप्रमाणे लावायचं आणि ज्या त्या गावच्या ग्रामसभेला आपल्या गावाची पानं द्यायची. पुढे त्यांचं काय करायचं ते त्या लोकांनी ठरवावं. कर्ज कोणी घेतलं ते त्यांचं गुपित आहे, आमचं नाही.

आणि तिसरा आक्षेप मोठ्या बाबांचा, सोयरिकींचा. यावर आमच्या आजीने एका वाक्यात निकाल लावला. ती म्हणाली, "माह्यं लगन झालं तेव्हा सगळ्याईले माहीत होतं का हे भट्टीवाले आहेत, तरी बी माह्या बापानं पोरगी देल्ली." मोठे बाबा त्यावर काही बोलले नाहीत. शीटमधली चौकट अजून 'व्यापार'च आहे, पण कोणीतरी तिला पिवळा रंग देऊन ठेवलाय. आमच्या घराण्यात याला प्रगती म्हणतात.

तुमचं मूळ गाव चांद्याकडचं असेल, किंवा कुठलंही असेल, तर पुढच्या वेळी सुट्टीला गेलात की एवढं करा. 'आपलं मूळ घराणं कुठलं' असं विचारू नका, चितोडची गोष्ट ऐकायला मिळेल. 'आपण आधी कुठल्या घरात राहायचो, तिथे जाऊन दाखव' असं विचारा. सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, पुरुष पदव्या सांगतात, बायका पाणी कुठून आणायच्या ते सांगतात. भट्टी कुठे होती, रीठ कोणता, तलावाचं पाणी आधी कोणाला, मोहाची कुठली झाडं कोणाच्या घरची, हे विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग तहसिलीत कोतवाल बुक आणि भूमी अभिलेखमध्ये जुन्या बंदोबस्ताची मिसल काढा, नक्कल फी भरा. गडचिरोलीचे असाल तर जुनं दप्तर शोधताना १९८२ च्या आधीचा जिल्हा चांदा होता हे विसरू नका. आणि घरात कुलूप लावलेली पेटी असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते आधी बघून ठेवा.

आमच्या पेटीची किल्ली मोठ्या बाबांच्या जानव्याला नाही, आजीच्या कमरेला आहे. त्यामुळे मला आशा आहे. घराचा व्यवहार पुढच्या महिन्यात आहे, त्याआधीचा एक शनिवार-रविवार मी मोकळा ठेवलाय. स्कॅनर बॅगेत टाकला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं कोणी मोडी वाचणारं ओळखीत असेल तर जरूर कळवा.